म्हशीच्या तोंडातली फेलोशिप

निर्माल्याची पिशवी हातातनं सुटली, लांब पाण्यात जाऊन पडली, मी कडेवरच्या पोरीला सावरत हात जोडलं, आणि डोळं मिटायच्या आत मला दिसलं की झेंडूच्या माळंखालनं खाकी लिफाफ्याचा कोपरा वर आलाय.

तोच लिफाफा.

मी खांद्यावरच्या दुसऱ्या पिशवीत हात घातला. दुपटं लागलं, दुधाची बाटली लागली, खुळखुळा लागला. लिफाफा न्हाई. परत घातला. दुपटं, बाटली, खुळखुळा. मग पिशवी घाटावर उलटीच केली, तरी लिफाफा न्हाईच. असंल कसा? तो माझ्या डोळ्यांदेखत पंचगंगेत तरंगत चाललाता, वर माळ, बाजूला बेल, तुळस, उदबत्तीच्या काड्या, अगदी पालखीत बसल्यागत.

"अगं बया! फेलोशिप! फेलोशिप गेली की गं!" अशी मी बोंब ठोकली.

आता घाटावर कुणाला कळणार फेलोशिप म्हंजे काय. तिथं खाली दगडावर धुणं आपटत असलेल्या परटीण मावशीला वाटलं बाईचं पोर पाण्यात पडलं. ती हातातली चादर टाकून पळत वर आली. मी पोरगी तिला दाखवली.

"ही हाय की हितं."

"मग पडलंय कोण?"

"कागद!"

मावशीनं कमरंवर हात ठेवलं. "कागदासाठी येवढं बोंबलतीस व्हय गं? माझं काळीज निसटलं की जाग्यावरनं!"

थांबा, असं मधनंच सांगून तुम्हाला काय कळणार. मलाच तवा काय कळत नव्हतं. आणि आधीच सांगून टाकतो, आमच्याकडं बाया बी 'मी गेलो, मी आलो' असंच बोलत्यात. ह्यांनी लगीन झाल्यावर लई शिकवलं, 'गेले' म्हण, 'आले' म्हण. दोन दिस म्हटलं, तिसऱ्या दिवशी विसरलो. माहेरच्या गावात शाळाच सातवीपतोर, त्यात जेवढं शिकलो तेवढंच. तर तसंच चालू द्या.

आमचे हे कॉलेजात तासावर शिकवायचे. पर ह्यांचा जीव त्या तासांत नव्हताच, जीव होता नदीत. रोज सकाळी वही घेऊन घाटावर जायचं, कोण किती वाजता आलं, कुणी काय धुतलं, कुणी काय टाकलं, म्हशी किती, धुणी किती, सगळं लिवून आणायचं. मी म्हणायचो, "अहो, हे लिवून काय मिळतंय?"

"डॉक्टर होणार आहे मी."

"सुई देणारं?"

"नाही गं. पुस्तकातला डॉक्टर."

त्यांच्या विषयात 'सांस्कृतिक राजकारण' असा एक शब्द होता. राजकारण म्हटल्यावर मी घाबरलोच. म्हटलं हे निवडणुकीला उभं ऱ्हात्यात का काय, आमच्याकडं जीप कुठाय! तर ह्यांनी समजावून सांगितलं, की नदी घाण झाली हे ठरवणार कोण, ती घाण केली कुणी असं म्हणणार कोण, आणि घाटावर यायची बंदी पडणार कुणाला, ह्याचं राजकारण. मला तेवढं कळलं. घाटावर तवा नुकतीच एक पाटी लागलती, 'म्हशी धुण्यास मनाई आहे'. म्हशीस्नी वाचता येत न्हाई, त्या येतच होत्या.

आणि ह्या सगळ्याला दिल्लीवरनं फेलोशिप मिळती म्हणं! तीन वर्षं दर महिन्याला पैसं, आणि काम काय, तर वाचायचं आणि लिवायचं. मला खरंच वाटंना.

"आणि नदीवर बसायचं?" मी विचारलं.

"ते पण."

"त्याचं बी पैसं?"

"त्याचेच पैसे."

मी इतकी हसलो, इतकी हसलो, की तव्यावरची भाकरी करपली.

पर हसण्याखाली भ्या होतं. ह्यांच्या मामांची कबनूरला कापडाच्या मागाची शेड. मामा म्हणायचे, बास झाल्या वह्या, त्या माळ्यावर टाक आणि शेडवर दिवाणजी म्हणून ये, मागची खोली देतो. मी ती खोली बघितलीय. भिंतीपलीकडं माग, दिवसभर खटाक् खटाक् खटाक्, पेल्यातला चहा थरथरतोय, पोरगी दचकून हातभर उडतीय. एकमेकाशी बोलायचं तर वरडून बोलायचं. आणि मामा 'वह्या माळ्यावर टाक' म्हणाले तवा ह्यांचं तोंड मी बघितलंय. ह्यांनी मांडीवरची वही गप उचलून आपल्या पाठीमागं ठेवली, पोरगं लपवल्यागत.

तर ती फेलोशिप मिळाली! पत्र आलं ते कॉलेजात दोन आठवडं कुणाच्या तरी टेबलावर पडून ऱ्हायलं, आणि ह्यांच्या हातात पडलं गुरुवारी संध्याकाळी. त्यात लिवलेलं, संमतीचा फॉर्म सही करून शुक्रवारी चारच्या आत विद्यापीठात द्यावा, न्हाई दिला तर यादीतल्या पुढच्या माणसाला फेलोशिप जाईल. आणि शुक्रवारीच ह्यांना इचलकरंजीला जायचं होतं. तिथं एका कारखानदारानं रंगाचं पाणी कुठं सोडत्यात ते दाखवायचं कबूल केलतं, लई मागं लागून, त्या एका दिवसापुरतंच. ह्यांनी फॉर्मवर सही केली, लिफाफ्यात घातला, आणि माझ्या हातात दिला.

"जमेल ना तुला? कचेरीत द्यायचा, शिक्का मारून पावती घ्यायची. बास."

"जमंल की," मी म्हटलं. म्हटलं खरं, पर मी एकटी बाजारात जाऊन वांगी घ्यायला बी घाबरायचो, वांगीवाली लई वरडायची.

आता घरात येवढा मोठा कागद आला तर आधी देवापुढं ठेवायचा का न्हाई? ठेवायचाच. जमिनीचा कागद असू दे, पोरीचा जन्माचा दाखला असू दे, आमच्या घरात आधी देव्हारा, मग कपाट. मी लिफाफ्याच्या चारी कोपऱ्यास्नी हळद-कुंकू लावलं, अंबाबाईपुढं ठेवला, वर सुपारी, वर फूल. त्याच रातीला पूजा केली, झेंडूची ह्येवढी जाड माळ घातली. सासूबाई पेठ वडगावला पावण्यांच्या बारशाला गेलत्या, जाताना सांगून गेलत्या, "शुक्रवारी निर्माल्य घाटावर सोड गं, घरात साठवू नको." म्हटलं घाट वाटंवरच हाय, निर्माल्य सोडायचं, तसंच विद्यापीठ गाठायचं. दुपारी निघताना पोरगी रांगत आली, समईला हात घालायला लागली, मी एका हातानं तिला धरली आणि एका हातानं देवापुढचं सगळं एकदम गोळा केलं. माळ, फुलं, बेल, सुपारी. आणि जे माळंखाली होतं ते.

तर आता या परत घाटावर. माळ चाललीय.

मी पोरगी मावशीच्या हातात दिली आणि पाण्यात घुसलो. पोहायला येत न्हाई. गुडघ्यापतोर गेलो, मांडीपतोर गेलो, लुगडं फुगून वर आलं, मी परत माघारी फिरलो. परत आत. परत भाईर. मावशी काठावरनं वरडतीय, "अगं खुळे, एका कागदापायी जीव देतीस का?" आणि पिशवी निवांत वळण घेऊन चालली ती थेट म्हशींच्या घोळक्यात.

दहा-बारा म्हशी नुसती तोंडं वर ठेवून बसलत्या. आणि त्यांच्यात कमरंभर पाण्यात उभा एक गवळी, मिशा ह्या अशा, एका म्हशीची पाठ चोळतोय.

"ओ मामा!" मी वरडलो. "ती पिशवी धरा की! आमच्या मालकांचा कागद हाय त्यात!"

"कुणाच्या मालकांचा?"

आता आली का पंचाईत. नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? लग्नात एकदा उखाण्यात घेतलं, पोरीच्या बारशाला एकदा घेतलं, त्याउप्पर माझ्या जिभंवर ते कधी आलं न्हाई. "ते हो... ते... चष्म्याचं. उंच. हितं येत्यात की रोज, वही घेऊन..."

गवळ्याचा हात म्हशीच्या पाठीवर थांबला.

"वहीवाला?"

"व्हय व्हय, वहीवालेच!"

"आमच्या म्हशी मोजतो त्यो?"

मागं एकदा ह्यांनी घरी येऊन सांगितलेलं, की घाटावर एका गवळ्यानं अंगावर धावून येऊन वही नदीत टाकायची धमकी दिली, त्याला वाटतंय पाटी लावणाऱ्यांचा माणूस हेच. हाच की तो.

"बुडू दे मग," गवळी म्हणाला, आणि परत म्हस चोळायला लागला. "आमच्या म्हशी मोजून कागद केला, त्यो कागद नदीनंच घेतला. बरं झालं."

आणि तेवढ्यात पिशवी एका भुऱ्या म्हशीच्या तोंडाम्होरं गेली. म्हशीनं वास घेतला. जीभ भाईर काढली. आणि झेंडूची माळ खायला सुरुवात केली!

मी बघतोच. एक झेंडू गेला. दुसरा गेला. माळ ओढली जातीय आणि माळंत अडकून लिफाफा बी वर वर सरकतोय. दिल्लीची फेलोशिप, तीन वर्षांचं वाचणं-लिवणं, ह्यांच्या सगळ्या वह्या, एक एक झेंडूनं म्हशीच्या तोंडाकडं चाललीय. मला भ्या वाटायचं सोडून हसूच फुटलं बघा. रडतोय का हसतोय माझं मलाच कळंना, अंगातनं असं गुदगुल्यागत काय तरी वर येत होतं, आणि तोंडानं मी एकच बोलत होतो, "कबनूरला जावं लागंल हो, कबनूरला जावं लागंल, पोरगी दचकती हो तिथं!"

"ही काय बोलतीया?" गवळ्यानं मावशीला विचारलं.

"आरं ए मुडद्या!" मावशी काठावरनं अशी गरजली की माझी पोरगी तिच्या कडंवर रडायची थांबली. "लेकुरवाळी बाई पाण्यात उभी राहून रडतीया, आणि तू मिशा चोळतोस व्हय रं? काढ आधी तो कागद, भांडण मग कर!"

"मिशा न्हाई, म्हस चोळतोय," गवळी म्हणाला. पर हलला. लिफाफ्याचा कोपरा म्हशीच्या तोंडात गेलाच होता. "ए भुरे, हो, हो, थांब," असं गोड बोलत तो जवळ गेला, एका हातानं शिंग धरलं, तोंडाच्या कडंला जिथं दात नसत्यात तिथनं अंगठा आत घातला, आणि जबडा उघडून लिफाफा असा भाईर काढला, पोराच्या तोंडातला खडा काढत्यात तसा. भुरी उरलेली माळ गिळून मोकळी झाली.

लिफाफा माझ्या हातात आला तवा मऊ पापडागत झालता. मी काठावर बसून उघडला. फॉर्म इंग्रजीत, त्याला जोडलेला ह्यांच्या अभ्यासाचा मराठी गोषवारा, दोन्ही ओलं. एका कोपऱ्याला दातांची खूण. चारी कडंला कुंकू पसरलेलं. बाकी अक्षरं छापील, ती जाग्यावर होती. फक्त खाली, ह्यांनी शाईच्या पेनानं सही केलती तिथं, जांभूळ चिरडल्यागत एक डाग.

त्या डागाचं मी तवा मनावर घेतलंच न्हाई. मला वाटलं, कागद सापडला, जिंकलो.

परटीण मावशीचं खोपट घाटाच्या वरच होतं. तिनं कोळशाची इस्त्री फुंकून पेटवली, फॉर्मवर धुवट फडकं टाकलं, आणि हलक्या हातानं फिरवायला लागली. वाफ निघाली, वासाला झेंडू आणि म्हस. मी थंडीनं कुडकुडत बसलेली, तर तिनं एका गिऱ्हाइकाचं इस्त्री करून ठेवलेलं भारी पातळ माझ्या अंगावर टाकलं. "नेस हे. कुण्या डॉक्टरणीचं हाय, सांजच्याला द्यायचंय. डाग पाडलास तर बघ."

गवळी दारात उभाच. जाईना.

"वाच," म्हणाला.

"काय?"

"काय लिवलंय आमच्याबद्दल, वाच. माझी म्हस उपाशी ठेवून काढलाय कागद."

मी कधी तो गोषवारा वाचला नव्हता. त्यात म्हशींच्या विरुद्ध काय लिवलं असंल तर? हा कागद हिसकून परत भुरीला घालायचा! खोटं वाचावं का? पर खोटं जुळवून वाचायला बी अक्कल लागती, माझी तेवढी शाळा झाली न्हाई. मी वाचायला लागलो, बोट ठेवून, अडखळत, पहिलीतल्या पोरागत. पहिल्या दोन ओळीत मोठं मोठं शब्द, ते मी कसंबसं गिळलं. मग पुढं आलं:

"नदी घाण होते याचा दोष घाटावर रोज दिसणाऱ्या माणसांना दिला जातो, कारण ती डोळ्यांसमोर असतात. परंतु घाटाबाबत निर्णय घेताना म्हशी धुणाऱ्यांना आणि कपडे धुणाऱ्यांना कोणी काही विचारल्याचे आढळत नाही. त्यांचे म्हणणे नोंदवणे हा या अभ्यासाचा हेतू आहे."

मावशीची इस्त्री थांबली. मी परत पहिल्यापासनं वाचू का म्हणून गवळ्याकडं बघितलं, तर त्यानं हात वर केला.

"हे वहीवाल्यानं लिवलंय?"

"व्हय."

"मग तोंडानं सांगायला काय झालतं त्याला? येतो आणि नुसता मोजतो. एक, दोन, तीन, चार. चोराची भीती वाटल्यागत मोजतो."

"ते लाजत्यात," मी म्हटलं. खरंच लाजत्यात.

"आयला," गवळी म्हणाला. मग माझ्याकडं बोट केलं. "लिवू दे. पर एक त्यात घालायला सांग. माझी म्हस पाण्यात जाती ती भाईर येती. तुमची पिशवी आत जाती ती आतच. हे लिव म्हणावं. लिवणार का?"

मी मान खाली घातली. कारण पिशवी माझीच की. "लिवतील. शपथ."

"किती वाजता द्यायचाय कागद?"

"चारला."

"तीन वाजून गेल्यात," मावशी म्हणाली.

मग काय सांगू तुम्हाला! गवळ्याची फटफटी, दोन्ही बाजूला दुधाचं मोकळं कॅन, मधी मी, मांडीवर पोरगी, अंगावर कुण्या डॉक्टरणीचं पातळ, छातीशी धरलेला गरम गरम फॉर्म. जन्मात फटफटीवर बसलो नव्हतो. कॅन खणाखणा वाजत्यात, गवळी वरडतोय, "ओ पावणं, सरका की!" आणि गर्दीतनं वाट काढतोय, पोरगी टाळ्या वाजवतीय, माझा पदर झेंड्यागत मागं उडतोय. मी भ्यानं डोळं मिटलं, मग उघडलं, मग कधी हसायला लागलो ते कळलंच न्हाई. विद्यापीठाच्या चढाला फटफटी धापा टाकायला लागली तवा मी मनातनं तिला 'चल गं बाई, चल' म्हणत होतो. त्या दिवशी मी कुणाकुणाला हात जोडलं असतील!

कचेरीत एक साहेब, नाकावर चष्मा, समोर कागदांचा ढीग. घड्याळात चारला दहा कमी. मी फॉर्म म्होरं ठेवला. त्यांनी दोन बोटांनी उचलला.

"हे लाल काय आहे?"

"कुंकू."

"आणि हा कोपरा?"

"म्हशीचं दात."

त्यांनी चष्म्यावरनं माझ्याकडं बघितलं. मागं दारात गवळी, पायांवरनं पाणी निथळतंय. "नाव काय उमेदवाराचं?"

"तिथं लिवलंय की."

"बाई, मला विचारावंच लागतं. तोंडानं सांगा. नाव?"

घड्याळ चाललंय. पोरगी ढिगातलं कागद ओढतीय. मला नाव घ्यायची एकच रीत ठाऊक होती, आणि घाबरल्यावर माणूस ठाऊक असलेलंच करतं. मी पदर डोक्यावर घेतला, मान खाली घातली, आणि एका दमात म्हटलं:

"पंचगंगेच्या घाटावर म्हशीनं खाल्ली माळ, अमुक अमुक रावांच्या कागदासाठी कडेवर आणलं बाळ!"

अमुक अमुक नव्हतं म्हटलं, खरं नाव घेतलं, आडनावासकट. इथं मात्र लिवत न्हाई. सगळ्या कचेरीत असा हशा पिकला की शेजारच्या खोलीतनं माणसं बघायला आली. पलीकडच्या टेबलावरच्या बाईंनी तर टाळ्या वाजवल्या. साहेब बी हसले, चष्मा काढून डोळं पुसलं. मला वाटलं झालं आता, मारतील शिक्का.

मग त्यांची नजर खाली गेली आणि हसू थांबलं.

"सही कुठाय?"

"ती काय." मी जांभळाचा डाग दाखवला.

"हा डाग आहे, बाई. सही पाहिजे. ज्याचा फॉर्म त्याची. बोलवा त्यांना."

"ते इचलकरंजीला गेल्यात. सांजच्याला येत्यात."

"मग कसं व्हायचं? चारला यादी बंद होते. उद्या आणलात तर माझ्या हातात काही नाही, पुढच्या माणसाला पत्र जाईल."

गवळी मागनं म्हणाला, "साहेब, सही होती, म्या बघितलीया," आणि त्याला तर लिवायवाचायला बी येत न्हाई. मला रडूच आलं. साहेबांनी एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा पोरीकडं, एकदा घड्याळाकडं. मग खुर्ची मागं सारली.

"शिक्का आत राहिलाय," म्हणाले. "घेऊन येतो. आल्यावर सही असलेला फॉर्म दिसला तर घेईन. नाही दिसला तर नाही." आणि पाठ फिरवून आत गेले. शिक्का टेबलावरच होता, बघा. ढिगाशेजारी. आणि त्याच्याशेजारी पेन.

मी पेन उचललं. ह्यांची सही मी रोज बघायचो, वहीच्या पहिल्या पानावर, पहिलं अक्षर मोठं, शेवटाला खाली एक रेघ. जे नाव कधी तोंडानं घेत न्हाई ते मी हातानं लिवलं, डागाच्या वर, आणि खाली रेघ ओढली. रेघ वाकडी आली. पोरीनं कोपराला धक्का दिलता.

साहेब आले, बघितलं, शिक्का धाडकन मारला, पावती फाडून दिली. भाईर आल्यावर गवळ्याला मी शपथ घातली, ह्यांना ह्यातलं काय सांगायचं न्हाई.

सांजच्याला हे आले, बुटाला निळा-जांभळा चिखल, तोंड फुललेलं.

"दिलास फॉर्म?"

"दिला." पावती दाखवली.

"त्रास नाही ना झाला?"

"छे! कसला त्रास."

दुसऱ्या दिवशी हे वही घेऊन घाटावर गेले तर गवळ्यानं लांबनंच हाक मारली, "या वहीवाले, बसा, च्या घ्या!" हे घरी येऊन उड्या मारत सांगतायत, "बघ, चिकाटी ठेवली की माणसं बोलायला लागतात!" मी चुलीकडं तोंड करून हसू दाबलं. पिशवीचं वचन बी मी पाळलं. भाकरी वाढता वाढता सहज म्हटल्यागत म्हटलं, "म्हस पाण्यात जाती ती भाईर येती, आपली पिशवी आत जाती ती आतच." ह्यांचा घास हातात ऱ्हायला. उष्ट्या हातानं उठून वहीत लिवून घेतलं.

कबनूरला आम्ही गेलो न्हाई. पोरगी आता शाळंत जाती. घाटावर निर्माल्य नेत न्हाई मी, परसात खड्डा केलाय, सासूबाईंनी आठ दिस तोंड फिरवलं, मग त्याच खड्ड्यावर भोपळा लावला.

आणि परवा ह्यांचा प्रबंध बांधून आला, काळं पुठ्ठं, वर सोनेरी अक्षरं. सासूबाई म्हणाल्या, "देवापुढं ठेव गं आधी," तर मी अशी किंचाळलो की हे आतनं पळत आले. प्रबंधाच्या पहिल्याच भागात लिवलंय, 'घाटावरील लोकांचा विश्वास हळूहळू संपादन केला.' आणि म्हशीचं-पिशवीचं वाक्य बी हाय, खाली लिवलंय, 'एका गृहिणीचे निरीक्षण'. ते मी गवळीमामाला वाचून दाखवलं. म्हणाला, "माझं हाय की ते!" मग म्हणाला, "असू दे. तुझ्याबी नावाचं कायतरी लागू दे."

येत्या आठवड्यात ह्यांची तोंडी परीक्षा हाय. हे रोज आरशाम्होरं उभं राहून उत्तरं म्हणत्यात, आणि म्हणत्यात, "संशोधकानं काही लपवायचं नसतं." मी लसूण सोलतोय आणि पोटात ती वाकडी रेघ वळवळतीय. सगळी तीन वर्षं त्या एका सहीवर उभी हायत, आणि ती सही ह्यांची न्हाई, माझी हाय. गुन्हा असतो म्हणं हा. सांगावं तर परीक्षेच्या तोंडावर ह्यांची झोप उडंल. न सांगावं तर माझी उडलीय. म्हणून हे लिवलं, हे झोपलेत तेवढ्यात.

आता तुम्हीच सांगा, खरं सांगा. म्हशीच्या तोंडातनं आलेला कागद तुमच्या हातात असता, घड्याळ चारला टेकलं असतं, टेबलावर पेन असतं आणि साहेबानं पाठ फिरवली असती, तर तुम्ही काय केलं असतं?